इंजिनमधून घूंऽऽ असा आवाज येतोय, परवा गणपतीला निघायचंय – मदत हवी आहे

भांडुपकर_राजापूरवाला:
मंडळी, जरा लवकर सांगा. गाडी चालू केली की बॉनेटमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागलाय, मिक्सर दुसऱ्या खोलीत चालू असावा तसा. रेस दिली की वाढतो, सोडली की उतरतो. आधी फक्त सकाळी थोडा वेळ यायचा, आता सतत असतो. बाकी गाडी चालायला एकदम ओके आहे, पिकअप आहे, अ‍ॅव्हरेज तेवढंच. जवळच्या गॅरेजवाल्याने नुसतं ऐकून सांगितलं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) गेला, नवा टाका, चौदा हजार. दुसरा म्हणतो इंजिनच्या आतली टायमिंग चेन, इंजिन उघडावं लागेल, गाडी आठवडाभर ठेवा. परवा रात्री राजापूरला निघायचंय, आईबाबा बरोबर आहेत, ट्रेनचं तिकीट आता कुठलं मिळतंय. नेमकं काय झालंय आणि असंच गेलं तर चालेल का एवढंच सांगा.

पाना_पकड:
गाडी कुठली, कुठल्या सालची, पेट्रोल का डिझेल, किती चालली? आवाज उभ्या गाडीत येतो का चालतानाच? क्लच दाबल्यावर फरक पडतो का? एसी चालू-बंद केल्यावर? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

घाटकोपरी:
फॅन बेल्ट आहे, शंभर टक्के. माझ्या गाडीला असाच आवाज होता, बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो तो मारला, गप्प झाला. उगाच चौदा हजार घालवू नका.

पाना_पकड:
@घाटकोपरी स्प्रेने बेल्टची चिरचिर जाते, ती सुद्धा थोडे दिवस. हे घूंऽऽ म्हणतायत, तो बेअरिंगचा आवाज असतो. बेल्टवर केमिकल मारून खरा दोष लपतो आणि रबर खराब होतं ते वेगळंच.

घाटकोपरी:
माझ्या गाडीचा गेला हे मी डोळ्यांनी बघितलंय. अनुभव सांगतोय, पुस्तकातलं नाही.

सीएनजी_ठाणे:
सीएनजी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. गॅसचे इंजेक्टर टिकटिक करतात, लोक घाबरतात, त्यात काही नसतं. आणि हायड्रो टेस्ट झालीय का? सिलिंडरची टेस्ट दर ३ वर्षांनी लागते, प्लेटवर तारीख बघा, गणपतीत हायवेच्या पंपावर तारीख संपलेली दिसली तर गॅस भरून देत नाहीत. मोठ्या रांगेत उभं राहून परत फिरायची वेळ येते.

भांडुपकर_राजापूरवाला:
टिकटिक नाही हो, घूंऽऽ आहे. हायड्रो टेस्ट झालेली आहे, तो प्रश्न नाहीये.
२०१६ ची हॅचबॅक, १ लिटर, तीन सिलिंडर, पेट्रोल + कंपनीची सीएनजी. ७८ हजार झालेत. दोन्हीवर सारखाच आवाज. उभ्या गाडीतही येतो. क्लच दाबून काही फरक नाही. एसीने नाही. आता सांगा.

लालबाग_मोटर्सप्रेमी:
क्लच दाबून फरक नाही म्हणजे दोष गिअरबॉक्सचा नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना आवाज आहे आणि दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, उलट दाबल्यावर आला तर रिलीज बेअरिंग. उभ्या गाडीत येतोय म्हणजे चाकाचं बेअरिंगही नाही. एसीने फरक नाही म्हणजे कॉम्प्रेसरवर संशय कमी, पण त्याच्या पुलीचं (बेल्टवर फिरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग एसी बंद असतानाही फिरतच असतं, तेव्हा ते पूर्ण सोडू नका. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली होती का?

भांडुपकर_राजापूरवाला:
जुलैमध्ये एलबीएस रोडला पाणी भरलं होतं तेव्हा गेली होती, अर्ध्या चाकाच्या वर पाणी होतं. बंद पडली नाही. पण आवाज त्यानंतर लगेच नाही आला.

लालबाग_मोटर्सप्रेमी:
मग अल्टरनेटरच. बेअरिंगमध्ये पाणी जातं, ग्रीस निघून जातं आणि गंज धरायला वेळ लागतो, आवाज नंतरच येतो. पण नवा अल्टरनेटर कशाला? फक्त बेअरिंग बदला. कुठलाही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन खोलून बदलून देतो. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, समजा ६२०३ असेल तर शेवटचे ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, तो नंबर घेऊन नागदेवीच्या बाजारात गेलात की समोर चार कंपन्यांचं ठेवतात. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच घ्या, आपल्याकडचा पाऊस बघता पत्र्याच्या शील्डचं नको.

कुर्ला_ते_कुडाळ:
नागदेवीला कशाला, ऑपेरा हाऊसला अख्खा अल्टरनेटर मिळेल. नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना चालू कंडिशनमधला घ्या, अर्ध्या पैशात काम होतं.

लालबाग_मोटर्सप्रेमी:
जुन्याचं बेअरिंग किती झिजलंय ते कोणाला ठाऊक? आवाज जावा म्हणून दुसऱ्याचा आवाज विकत घ्यायचा का? गावाला जाताना तर अजिबात नको.

हिरवा_कंदील:
एवढी झंझट करण्यापेक्षा पुणे-कोल्हापूरमार्गे जा आणि अणुस्कुरा घाटाने उतरा. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापवण्यापेक्षा ते बरं. आम्ही दरवर्षी असंच जातो.

कुर्ला_ते_कुडाळ:
कोल्हापूरवरून राजापूर म्हणजे किती लांब पडतं माहितीय का? आता कशेडीचा बोगदा आहे, घाट वाचतो. रात्री उशिरा निघा, पहाटे चिपळूण.

हिरवा_कंदील:
बोगद्यापर्यंत पोचायला तर पाहिजे ना. वडखळपासून रांग लागते. सणाच्या दोन दिवस आधी निघणाऱ्यांना विचारा.

भांडुपकर_राजापूरवाला:
अहो रस्ता मला माहितीय, लहानपणापासून जातोय. गाडीचं सांगा. बेअरिंग बदलायचं तर उद्याच गाडी द्यावी लागेल.

इंजिन_ऑइल_शास्त्री:
ऑइल कधी बदललं? सिंथेटिक टाका, अर्धे आवाज त्यानेच जातात. माझी गाडी लाखाच्या वर गेलीय, अजून लोण्यासारखी चालते.

पाना_पकड:
ऑइल डिपस्टिकवर बघा, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. पण बेल्टवर फिरणाऱ्या बेअरिंगला इंजिन ऑइल पोचतच नाही, त्यांचं ग्रीस आतच सील केलेलं असतं. ऑइलने हा आवाज जाणार नाही.
आणि @भांडुपकर, अजून एक विचारायचं राहिलं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतंय का?

भांडुपकर_राजापूरवाला:
मध्ये बाटलीत पाणी टाकलं होतं, परत खाली गेलं, परत टाकलं. उन्हाने उडतं ना. त्याचा आवाजाशी काय संबंध?

पाना_पकड:
सगळा संबंध तिथेच आहे. चांगल्या गाडीत ते पाणी उडून जात नाही, सिस्टीम बंद असते. कमी होतंय म्हणजे कुठेतरी जातंय.
बहुतेक छोट्या गाड्यांत हे पाणी फिरवणारा वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, बऱ्याचदा अल्टरनेटर ज्या बेल्टवर असतो त्याच. पंपाच्या एकाच शाफ्टवर बाहेर बेअरिंग आणि आत सील. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डुलायला लागतो, सील नीट बसत नाही, पाणी झिरपतं. ते झिरपलेलं बाहेर पडावं म्हणून पंपाच्या अंगाला एक छोटं भोक दिलेलं असतं. गरम इंजिनवर थेंब वाळतो म्हणून खाली डबकं दिसत नाही, फक्त रंगीत किंवा पांढरट डाग राहतो. थंड गाडीत टॉर्च मारून पुलीच्या मागे बघा.
नुसतं नळाचं पाणी घालत असाल तर गंज धरतो आणि सीलचं नुकसान होतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका.

लालबाग_मोटर्सप्रेमी:
पाण्यातून गेलीय गाडी, अल्टरनेटर खाली असतो, मी तरी अजून अल्टरनेटरच म्हणतो. पाणी कमी होणं हा वेगळा फॉल्ट असू शकतो.

पाना_पकड:
असू शकतो. म्हणून भांडण करण्यापेक्षा बेल्ट काढून बघू द्या. गाडी थंड असताना बेल्ट काढायचा, इंजिन वीस-तीस सेकंदच चालू करायचं, त्याहून जास्त नाही कारण पंप फिरत नाही. बॅटरीचा दिवा लागेल, घाबरू नका. आवाज गेला तर टायमिंग चेनवाल्याचं म्हणणं तिथेच संपलं, इंजिन उघडायची गरज नाही. मग इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवायची. चांगली असेल ती गुळगुळीत फिरते, गेलेली खरखर लागते. पंपाची पुली वर-खाली हलवून बघायची, जराही डुलली की पंप गेला. दहा मिनिटांचं काम आहे. जो मेकॅनिक हे न करता पार्ट बदला म्हणतो त्याला पैसे देऊ नका.
आणि "असंच गेलं तर चालेल का" याचं उत्तर, अल्टरनेटर असता तर एक वेळ बॅटरीवर थोडं अंतर कापता आलं असतं. पंप जाम झाला तर बेल्ट घसरतो नाहीतर तुटतो, चार्जिंग बंद, पाणी फिरणं बंद, आणि चढावर पाच माणसं आणि सामान घेऊन इंजिन तापायला वेळ लागत नाही. इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकलं की मग खरंच इंजिन उघडावं लागेल. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, नुसता लाल दिवा. पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि दिवा उशिरा लागू शकतो. आईबाबांना घेऊन असं निघू नका.

भांडुपकर_राजापूरवाला:
टॉर्च मारून बघितलं. पुलीच्या मागे हिरवट पांढरा डाग आहे, खालपर्यंत ओघळ गेलाय. उद्या सकाळी मुलुंडला एक ओळखीचे काका आहेत, त्यांच्याकडे नेतो. बेल्ट काढून दाखवा म्हणून सांगणार.

घाटकोपरी:
बेल्ट काढतायत तर तो पण बदलून घ्या. भेगा असतील तर परत तोच लावू नका.

पाना_पकड:
@घाटकोपरी हे अगदी बरोबर. ज्या बेल्टवर कूलंट सांडलंय तो परत लावण्यात अर्थ नाही.

भांडुपकर_राजापूरवाला:
काम झालं. बेल्ट काढल्यावर आवाज पूर्ण बंद. अल्टरनेटर हाताने गुळगुळीत फिरत होता, पंपाची पुली बोटाने हलत होती, मी स्वतः हलवून बघितली. पंप, गॅसकेट, बेल्ट नवीन टाकलं, नवं कूलंट भरलं, सगळं मिळून सांगितलेल्या अल्टरनेटरच्या निम्म्यातही कमी लागले. लालबागकर, तुमचं अल्टरनेटरचं निदान चुकलं पण क्लचवरून गिअरबॉक्स बाजूला काढलात त्याने डोक्यावरचं ओझं उतरलं, थँक्यू. आता एकच शंका. घरी आल्यावर बाटलीतली लेव्हल थोडी खाली गेलीय. परत लीक आहे का?

लालबाग_मोटर्सप्रेमी:
आवाजाची जागा कळली हे महत्त्वाचं. पंपाचा डाग बघायला मी सांगायला हवं होतं, ते पाना_पकड यांनी सांगितलं.

पाना_पकड:
एकदा खाली जाणं चालतं, आत अडकलेली हवा निघाली की तेवढं पाणी आत जातं. गाडी सपाट जागी उभी करून हीटर फुल गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत चालू राहू द्या. मग पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे उद्या सकाळी, बाटली दोन रेघांच्या मध्ये भरा. त्याच जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. उद्या दिवसभर ऑफिसला वगैरे फिरवा, संध्याकाळी परत बघा. लेव्हल हलली नाही तर रात्री निघा. हलली तर काकांकडे परत जा, होज पाइपचे क्लॅम्प बघायला सांगा. गाडीत एक लिटर तयार कूलंट ठेवा.

हिरवा_कंदील:
आणि रस्ता?

भांडुपकर_राजापूरवाला:
कशेडी बोगद्यानेच. रात्री एकला निघतोय. लेव्हल उद्या संध्याकाळी इथेच टाकतो.