ऑनलाईन अभ्यासासाठी सड्यावर किती वर्षं चढायचं?

राजापूर, टी.वाय.बी.एस्सी.ची विद्यार्थिनी:
परवा वर्गात सरांनी ऐकवलं, "सगळं फुकट आहे, तुम्हीच वापरत नाही." मला ते फार लागलं. 'स्वयं' या केंद्र सरकारच्या फुकट ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवर एका कोर्सला मी नाव घातलं होतं. आमची वाडी खाली व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याकाठी, रेंज फक्त वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. उन्हाळ्यात संध्याकाळी जाऊन बसता येतं. पण जुलैचं सेमिस्टर म्हणजे ऐन पाऊस. वर कातळ निसरडा, विजा चमकतात, आणि घरी दोन-दोन दिवस लाईट नाही. असाइनमेंटची तारीख पावसासाठी थांबत नाही. एकामागून एक हुकल्या, शेवटी कोर्स सोडला. हा माझा आळस का?

देवगड, ग्रंथपाल:
माका पटला नाय. रेंजचं दुखणं खरं, पण सगळं खापर रेंजवर नको. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची एन-लिस्ट ही कॉलेजांसाठी ऑनलाईन वाचनाची सोय आहे, हजारो नियतकालिकं, लाखावर पुस्तकं. पासवर्ड मी देतो. वर्षभरात मागायला येतात बोटांवर मोजण्याइतके. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाईन व्याख्यानं कॉलेजात डाउनलोड करून घरी बघता येतात, काहींना मराठी सबटायटल्सही आहेत. पण परीक्षा आली की मुलं गाईडच शोधतात. याचं मला वाईट वाटतं.

राजापूर:
सर, असा पासवर्ड असतो हे मला आज कळतंय. आमच्याकडे वाय-फाय ऑफिसपुरतं, लायब्ररी पाचला बंद, आणि माझी शेवटची एसटी साडेचारची. उतरवू कधी?

चिपळूण, प्राध्यापक:
ग्रंथपालांचं निम्मं मान्य. पण २०२१ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सेमिस्टरची ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स स्वयंमधून घ्यायला मुभा दिलीय, म्हणजे हा आता हौसेचा विषय राहिला नाही. संशोधन नियतकालिकं ऑनलाईन वाचायला देणारं केंद्राचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं. पहिला टप्पा मात्र सरकारी संस्थांपुरता. आपल्याकडची कितीतरी कॉलेजं खाजगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित. ती दाराबाहेर. जिथे पुस्तकं आधीच कमी, तिथेच हे कुलूप!

देवगड:
पासवर्ड न सांगणं ही ग्रंथपालाचीच चूक, ते मान्य. प्रवेशाच्या दिवशीच ओळखपत्रासोबत तो हातात द्यायला हवा. व्याख्यानं पेनड्राइव्हवर भरून देणंही अवघड नाही, आम्ही देतो. तरी मागायला यायला हवं, यावर मी ठाम आहे.

राजापूर:
मी उद्याच मागते, सर. पण व्याख्यानं घरी आली तरी असाइनमेंट ऑनलाईनच भरायची ना. त्यासाठी सड्यावर जावंच लागेल.