मदत हवी आहे: बाबांच्या दुसऱ्या डोळ्यात मल्टीफोकल लेन्स बसवावी का?

बाबा ६९ वर्षांचे, आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. २०२२ मध्ये उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स बसवली. लांबचं लख्ख दिसतं, वाचायला चष्मा लागतो. आता डावा पिकलाय. काल एकेक डोळा झाकून आईची पांढरी साडी बघत होते. म्हणे, "उजव्याला पांढरी, डाव्याला चहात बुडवल्यासारखी."

हॉस्पिटलमधल्या काउन्सेलर बाईंनी मल्टीफोकलचाच धोशा लावलाय. "चष्मा सुटेल" हे तीनदा ऐकवलं. मेडिक्लेमवाले वरचा फरक आम्हालाच भरायला सांगतायत. पैशांचं बघू हो, पण नजरेचं काय?

मला समजलंय ते असं: मल्टीफोकलवर बारीक कड्या असतात, त्या आत येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देतात. म्हणजे दोन्हीच्या वाट्याला थोडा कमीच. भर उजेडात भागतं, अंधुक उजेडात फिकं वाटतं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. सर्जन म्हणाले, काही महिन्यांत मेंदूला सवय होते. होत असेल. पण बाबा अजून रात्री स्कूटरवरून घोडबंदर रोडने ताईकडे कासारवडवलीला जातात, समोरून ट्रकचे हेडलाइट. (स्कूटर बंद करा म्हणणाऱ्यांनी स्वतः येऊन सांगावं, आम्ही हात टेकले.)

त्यात १२ वर्षांचा मधुमेह. पडद्याला इजा असेल तर मल्टीफोकल शक्यतो टाळतात, म्हणून ओसीटीचं (पडद्याच्या स्कॅनचं) मीच काढलं. रिपोर्ट शनिवारी.

सर्जननी जाता जाता तिसरा पर्यायही सांगितला: डाव्यातही मोनोफोकलच, पण नंबर मुद्दाम उणे सव्वाच्या आसपास ठेवायचा. मोबाइल, ताटातलं जेवण चष्म्याशिवाय. पंचांगातल्या बारीक अक्षरांना चष्मा. मला हाच बरा वाटतोय. बाईंनी याचा उल्लेखही केला नव्हता.

एका डोळ्यात मोनोफोकल आणि दुसऱ्यात मल्टीफोकल असं कोणाच्या घरी आहे का? रात्री गाडी चालवता येते? आणि दोन डोळ्यांचे नंबर असे वेगळे ठेवले असतील, तर जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकतो का?

ऑपरेशनला किती महिने झाले तेही लिहा. पहिल्या आठवड्यातलं कौतुक बाईंकडून भरपूर ऐकून झालंय.