लीड मॅमोग्राफी टेक्नॉलॉजिस्टच्या जागेसाठी अर्ज करू का? सध्या उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे

एक्सरेवाली, जि. यवतमाळ

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी एक्स-रे तंत्रज्ञ आहे. बारावी सायन्स, मग रेडिओग्राफीचा डिप्लोमा आणि पुढं नोकरी सांभाळून बी.एससी. केलं. इथं रोजचं काम म्हणजे हातपाय, छाती आणि अपघाताच्या केसेस. लग्नाआधी मात्र नागपूरला एका खासगी सेंटरवर होते, तिथं मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, माझ्याचकडं होती. सीसी (वरून खाली), एमएलओ (तिरपा), मॅग्निफिकेशन (एखादा भाग मोठा करून), सगळे व्ह्यू केलेले आहेत. त्या कामात माझा जीव रमायचा.

आता शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात डिजिटल मॅमोग्राफी सुरू होते आहे आणि ‘लीड मॅमोग्राफी टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणून एक जागा निघाली आहे. तीही कंत्राटीच. जाहिरातीत पदवी किंवा डिप्लोमा, पॅरामेडिकल परिषदेची नोंदणी आणि मॅमोग्राफीचा अनुभव मागितला आहे. तेवढं माझ्याकडं आहे. पण खाली ‘गुणवत्ता नियंत्रण व कनिष्ठ तंत्रज्ञांचे पर्यवेक्षण’ असं लिहिलं आहे, तिथं माझं अडतं. आमच्या सेंटरवर फँटम (मशिन तपासायचा ठोकळा) होता, पण कंपनीचा इंजिनिअर आला की तेवढ्यापुरता कपाटातून निघायचा. आणि माझ्या हाताखाली कधी कुणी नव्हतं.

मी बंजारा तांड्यावरची आहे, गोरमाटी बोलते. आमच्या एका काकीची गाठ फुटली तेव्हा ती दवाखान्यात आली. आधी का नाही आलीस विचारलं तर म्हणाली, दुखत नव्हतं. तेव्हापासून हे काम परत करायचं मनात आहे. मुलाखतीत काय विचारतील? आणि लीड म्हणून काय यायलाच पाहिजे?

जुनी तंत्रज्ञ, वर्धा

ताई, अर्ज भरा. माझं सगळं आयुष्य याच खोलीत गेलं आहे आणि शिकणाऱ्या मुलींना मी अजून शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदांचं आधी उरकून घ्या. मॅमोग्राफीसाठी आपल्याकडं तंत्रज्ञाला वेगळं परवानापत्र लागत नाही, त्यामुळं सगळा भार अनुभवाच्या दाखल्यावर येतो. नागपूरच्या सेंटरकडून नुसतं ‘रेडिओग्राफर म्हणून काम केले’ असं पत्र घेऊ नका. मॅमोग्राफी हा शब्द त्यात हवा. मशिन डिजिटल होतं की सीआर (कॅसेटवर चित्र घेणारं), स्क्रीनिंगच्या (त्रास नसताना तपासायला आलेल्या) बायका होत्या की गाठ घेऊन आलेल्या, बायोप्सीच्या वेळी मदत केली का, हे सगळं लिहून मागा. नोंदणीची मुदत तपासा. आत्ताच्या नोकरीतला टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बिल्ल्याचा, डोस रेकॉर्डही मागून ठेवा.

आता मुलाखत. ‘एमएलओ बरोबर आला हे कशावरून ठरवाल?’ हा प्रश्न मी पॅनलवर असताना नेहमी विचारला आहे. छातीचा स्नायू निप्पलच्या पातळीपर्यंत खाली उतरलेला दिसावा, निप्पल बाजूनं दिसावं, स्तनाखालची घडी उघडलेली असावी. निप्पलपासून मागं स्नायूपर्यंतची रेषा सीसीवर आणि एमएलओवर मोजली तर दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. हे पाठ असणाऱ्या मुली पुष्कळ येतात. पुढं मी विचारते, फरक जास्त आला तर बाईला कसं उभं कराल? तिथं खरं काम केलेली मुलगी लगेच ओळखू येते. ती खांद्याबद्दल बोलते. दिवसभर निंदण, वेचणी करणाऱ्या बाईचा खांदा दगडासारखा आवळलेला असतो. घाबरलेली असली तर आणखीच. तो खांदा सैल झाल्याशिवाय काखेकडचा भाग मशिनच्या प्लेटवर येतच नाही, आणि बहुतेक गाठी तर वरच्या, बाहेरच्या, काखेकडच्या भागातच निघतात. म्हणून हात दांड्यावर नुसता टेकवायचा, बाईला घट्ट धरू द्यायचं नाही. स्तन ओढायचा नाही, खालून हातावर उचलून पुढं आणायचा. दाब का देतो हे तिला तिच्या भाषेत आधी सांगायचं: थर पातळ झाला की डोस कमी लागतो, चित्र हलत नाही आणि एकावर एक आलेलं मांस वेगळं दिसतं. तुम्हाला गोरमाटी येते हे अर्जात ठळक लिहा. ही मोठी पात्रता आहे, मी मनापासून म्हणते.

क्वालिटी कंट्रोलला घाबरू नका, हातात घेतलं की लवकर येतं. फँटम म्हणजे साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर जाडीच्या दाबलेल्या स्तनासारखा ठोकळा. त्यात तंतू, बारीक कण आणि गाठी बसवलेल्या असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी ठेवून, त्याच सेटिंगवर एक्स्पोजर द्यायचं आणि किती दिसतात ते मोजून रजिस्टरला लिहायचं. जुन्या, चौकोनी एसीआर (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या) फँटममध्ये किमान चार तंतू, तीन कणसमूह आणि तीन गाठी दिसल्याच पाहिजेत. एखाद्या आठवड्यात कमी दिसलं तर काम थांबवून कळवायचं. हा ‘थांबवायचा’ अधिकार लीडकडं असतो, आणि बाहेर बाया रांगेत बसल्या असताना तो वापरायला हिंमत लागते. मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा, की मी थांबवीन.

विदर्भात एक गोष्ट जास्तीची आहे. डिजिटल मशिनचा डिटेक्टर, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, सेलेनियमचा असेल तर त्याला उष्णता सहन होत नाही. रात्री खोलीचा एसी बंद करून जायची सरकारी सवय असते, आणि मे महिन्यात चंद्रपूर, वर्ध्याकडं पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. डिटेक्टर गेला तर बदलायचा खर्च मशिनच्या किमतीच्या हिशेबात बोलावा लागतो. एका ठिकाणी हे घडताना मी पाहिलं. मशिन कितीतरी महिने झाकून पडलं होतं आणि बायांना दुसऱ्या जिल्ह्याची बस दाखवली जात होती. म्हणून रुजू व्हायच्या दिवशीच विचारा: एसी चोवीस तास आहे का, जनरेटरवर आहे का, खोलीचं तापमान कोण लिहितं. उत्तर मिळालं नाही तर ते रजिस्टर तुम्हीच सुरू करा.

रिपोर्टिंग करणारे डॉक्टर बऱ्याच ठिकाणी त्या इमारतीत नसतात, चित्रं दुसरीकडं जातात. तेव्हा स्तन घड्याळाची तबकडी धरून गाठ कितीच्या काट्यावर आहे, जुना व्रण कुठं आहे, चामखीळ आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही तर त्यांना कळणारच नाही. पावडर लावून आलेल्या बाईची छाती आणि काख ओल्या कापडानं पुसायला मुलींना शिकवा. पावडरचे आणि डिओडरंटचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मंगळसूत्र काढायला बाई तयार नसेल तर वाद घालायचा नाही, पाठीवर फिरवून चिकटपट्टीनं बसवायचं. आणि तिशीतली बाई गाठ घेऊन आली तर मशिन सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन. त्या वयात स्तन दाट असतो, बहुतेक वेळा सोनोग्राफीच आधी करतात.

हाताखालच्या मुलींना पहिले काही आठवडे एकटं सोडू नका. त्यांची परत घ्यावी लागलेली चित्रं बाजूला काढा, कारणासकट लिहा आणि महिन्याअखेर सोबत बसून बघा. चित्र परत घेतलं म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा डोस आणि दुसऱ्यांदा दुखणं. हे एकदा मुलींच्या मनात बसलं की त्या आपोआप जपून काम करतात.

गाव वरुड, नोकरी अमेरिकेत

जुन्या मॅडमनी छान लिहिलं. तुलनेसाठी इकडचं सांगते. इथं १९९२ चा मॅमोग्राफी गुणवत्तेचा कायदा आहे, एमक्यूएसए म्हणतात. तंत्रज्ञाला मॅमोग्राफीचं किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात कुणाच्या तरी प्रत्यक्ष देखरेखीखाली २५ तपासण्या. पुढं दर २४ महिन्यांत २०० तपासण्या आणि ३६ महिन्यांत १५ तासांचं शिक्षण सुरू ठेवावं लागतं. टोमोसिंथेसिससारखं (थराथरानं चित्र घेणारं) नवं तंत्र आलं की त्याचे आठ तास वेगळे. लीडच्या जाहिरातीत शक्यतो एआरआरटी या तंत्रज्ञांच्या नोंदणी संस्थेचं मॅमोग्राफीचं प्रमाणपत्र मागतात. क्वालिटी कंट्रोलसाठी एका तंत्रज्ञाचं नाव लेखी नेमलेलं असतं.

हे सगळं भारतात बंधनकारक नाही, पण ताई, तुमच्यात खंड पडला आहे म्हणून २५ तपासण्यांची कल्पना उचला. नागपूर किंवा सेवाग्रामला जिथं रोज मॅमोग्राफी होते तिथं परवानगी काढून देखरेखीखाली तेवढ्या करा आणि लेखी घ्या. खंडाबद्दल विचारलं की तोच कागद पुढं करा.

आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी), चंद्रपूर

किरणोत्सर्ग सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मशिनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो ई-लोरा पोर्टलवरून मिळतो, आणि दवाखान्याला आरएसओ नेमावा लागतो. परवाना येण्याआधी एकाही बाईची तपासणी करायची नाही, उद्घाटनाची तारीख कितीही जवळ असली तरी. कामगारासाठी डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. हे आकडे मुलाखतीत हमखास येतात. बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर. कनिष्ठ मुलींपैकी कुणी गरोदर असेल तर तिनं लवकर सांगावं असं वातावरण ठेवा, म्हणजे ड्युटी बदलता येते.

समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), मारेगावकडची

मी उपकेंद्रावर आहे, मशिनपासून लांब. पण तुमच्याकडं येणारी बाई माझ्याकडून येते, म्हणून लिहिते.

सरकारी कार्यक्रमात तिशीवरच्या बाईची आम्ही हातानं तपासणी करतो. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात आणि संशय आला की मी पुढं पाठवते. हाताच्या तपासणीला काही लोक कमी लेखतात. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास केला, त्यात दीड लाखावर बाया होत्या. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलं. पन्नाशीवरच्या बायांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३० टक्क्यांच्या जवळपास कमी झाले. तेव्हा आमच्या बोटांना लागलेली गाठ गंभीरपणे घ्या, एवढीच विनंती.

माझी अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. बाई पहाटे उठून ऑटोनं फाट्यावर येते, तिथून एसटी, आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला परत यायचं असतं. दोन वाजता ‘आज नंबर लागणार नाही’ म्हटलं की ती पुन्हा येत नाही. वेचणी सुरू असताना तर अजिबातच नाही, रोजी बुडते. आणि रिपोर्टमध्ये बायरॅड्स शून्य आलं, म्हणजे आणखी चित्रं किंवा सोनोग्राफी लागणार, तर ते तिला कळतच नाही. रिपोर्ट खिडकीवर पडून राहतो. मागच्या हंगामात माझ्या गावातल्या एका कोलाम बाईचा रिपोर्ट मीच जाऊन आणला. ती समजत होती की कागद नाही आला म्हणजे काही निघालं नाही.

तर ताई, तुम्ही लीड झालात तर परत बोलवायच्या बायांचं वेगळं रजिस्टर ठेवा आणि त्यात बाईच्या नंबरासोबत आशाताईचा आणि उपकेंद्राचा नंबर घ्या. बाईचा मोबाइल बहुतेक वेळा मुलाकडं असतो. लांबच्या गावांना सकाळचे नंबर द्या. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद काय लागतात ते तिथंच सांगणारं कुणी असू द्या. राशन कार्ड घरी राहिलं म्हणून परत फिरलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं, पण मी पॅनलवर असते तर हेच विचारलं असतं.

एक्सरेवाली, जि. यवतमाळ

सगळ्यांचे खूप आभार. तीन वेळा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. अर्ज भरते आहे.

नागपूरच्या सेंटरला फोन केला, ते मॅमोग्राफीचा उल्लेख करून नवा दाखला द्यायला तयार आहेत. देखरेखीखालच्या तपासण्यांसाठी आमच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून पत्र घेते, रजा शिल्लक आहे. सीएचओ ताई, तुमच्या रजिस्टरचा मुद्दा मुलाखतीत स्वतःहून मांडणार आहे. आमच्या काकीलाही दुसऱ्या तपासणीला कुणी बोलावलंच नव्हतं.

जुन्या मॅडम, एक विचारू का? फँटमच्या नोंदीचं आणि परत घेतलेल्या चित्रांचं रजिस्टर आखायचं कसं, त्याचा नमुना मिळेल का? रकाने कोणते करायचे तेवढं कळलं तरी चालेल.

जुनी तंत्रज्ञ, वर्धा

देते. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, किलोव्होल्ट आणि एमएएस (एक्स्पोजरचे आकडे), दाब, तंतू-कण-गाठी किती दिसल्या, चित्रात डाग आहे का, आणि सही. परत घेतलेल्या चित्रांना वेगळी वही: कोणती बाजू, कोणता व्ह्यू, कारण, कुणी घेतलं. कारणांत ‘पोझिशनिंग’ एवढंच लिहू देऊ नका, काय चुकलं ते लिहायला लावा. स्नायू कमी आला, घडी पडली, निप्पल आत वळलं, बाई हलली, असं. दोन्ही वह्यांच्या कोऱ्या पानांचे फोटो रात्री टाकते. मुलाखतीची तारीख आली की इथंच कळवा, आदल्या दिवशी फोनवर एमएलओचे प्रश्न घेईन.