आठवड्याच्या कामांत अभ्यासच दर वेळी मागे का पडतो?

प्रश्न : ओलितावरची पदवीधर

नमस्कार. मी तेवीस वर्षांची असून राळेगाव तालुक्यातील एका गावात आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहते. बी.ए. झाल्यावर गेल्या वर्षापासून लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी घरूनच करते आहे. सहा एकर वावर आहे. त्यात तुरीच्या ओळी घातलेला कापूस, हरभरा आणि एक एकर गहू. संध्याकाळी गावातील मुलांची शिकवणी घेते, त्यातून पुस्तकांचा खर्च निघतो. दर रविवारी रात्री मी येत्या आठवड्यातील पंधरा-सोळा कामांची यादी करते. परंतु वेचणीला बाया कमी आल्या, रात्रीची लाईन (शेतीपंपाची वीज) आली किंवा आईला दवाखान्यात न्यावे लागले की बुधवारपर्यंत ती मोडते, आणि राहून जातो तो अभ्यासच. मी आळस करते असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. आठवड्यात आधी काय आणि नंतर काय, हे आपण कसे ठरवता?

उत्तर १ : धुऱ्यावरचा मास्तर

ताई, रविवारचा हट्ट सोडा. आपल्याकडे मजुरीचा हिशेब, किराणा आणि औषधे हे सारे बाजाराच्या दिवशी उरकते, म्हणून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आखलेला आठवडा अधिक टिकतो. शिवाय आपण ज्यांना अचानक आलेली म्हणता, त्यांतील बरीच कामे आधी सांगूनच येतात. गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, द्यावे लागते. हरभऱ्याला ते फुलोऱ्यात आणि घाटे भरताना लागते. तूर फुलावर आली की शेंगअळीवर नजर ठेवावी लागणार, हेही ठरलेलेच. पेरणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असेल, तर ओलिताचा आठवडा तीन आठवडे आधी दिसतो आणि त्या आठवड्यात अभ्यासाचा वाटा आपणच कमी धरतो. न सांगता येते ते आजारपण आणि जळालेली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर). त्यांच्यासाठी एक दिवस कोराच ठेवावा. (कोरा दिवस दिसला की त्यात काही तरी कोंबण्याची खोड मला अजूनही आहे.)

उत्तर २ : हिशेबी

मास्तरांचे पटते, पण यादीतील कामांची संख्या हाच मूळ दोष आहे. आधीचा अनुभव हाताशी असूनही माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो; डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नावही दिले. दोन आठवडे कोणत्या कामाला खरोखर किती तास गेले एवढेच वहीत लिहा, म्हणजे पंधरांपैकी किती कामे मावतात ते दिसेल. अभ्यासाचेही दोन भाग पाडा. संयुक्त पूर्वपरीक्षेत शंभर प्रश्नांना एकच तास मिळतो, त्यामुळे सराव प्रश्नपत्रिका तुकड्यातुकड्यांनी सोडवून उपयोग नाही. तिला सलग तासच हवा. चालू घडामोडी मात्र मोटर सुरू असताना धुऱ्यावर बसूनही वाचता येतात. आठवड्याला असे तीन सलग तास आधी राखावेत आणि बाकीचा अभ्यास उरलेल्या फटींत बसवावा. रात्रीच्या ओलितानंतरच्या पहाटेला यांतील एकही तास ठेवू नये. मी ठेवत असे आणि वहीवरच झोपत असे.

उत्तर ३ : माहेरवाशीण

दोघांचे म्हणणे योग्य असले, तरी घरातील मुलीचा वेळ हा सर्वांचा वेळ समजला जातो, हे कोणीच लिहिले नाही. ताई, आपली यादी वहीत आहे. ती घरच्यांना ठाऊक आहे का? मी तयारी करत होते तेव्हा बाबांना एक सरळ सौदा सांगितला होता, की आठवड्यातील दोन दिवस मी वेचणीला पूर्णवेळ येईन, पण तीन दिवस सकाळी सहा ते आठ मला कोणी हाक मारायची नाही. पहिले दोन आठवडे हाका आल्याच. तिसऱ्या आठवड्यात आईच म्हणाली, ‘तिला बसू द्या.’ आपला भाऊही गोठ्याचे काम करू शकतो, की तो अभ्यास करतो म्हणून त्याला सूट आहे?

ओलितावरची पदवीधर :

ताई, सूट आहे. तो बारावीला आहे, हे कारण मला आजवर पुरेसे वाटत होते.

आमचा गहू १८ नोव्हेंबरला पेरला, म्हणजे पहिले पाणी ९ डिसेंबरच्या सुमारास येईल; त्या आठवड्यात मी एकच प्रश्नपत्रिका धरली आहे, एरवी तीन. पंधरा कामांतून सध्या सात ठेवली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळचे आज जेवताना बाबांना सांगितले. त्यांनी फक्त विचारले, ‘मग त्या दिवशी दूध कोण काढणार?’ भावाने ताटातून मान वर केली नाही. उद्या बाजार आहे, तिथून परतताना पुन्हा विषय काढते.