शाळेतलं माइंडफुलनेस लेकीला मानवत नाहीये, बंद करू का?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. लेक नववीत आहे, दिवाळीपासून गप्पगप्प असते, परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, डबा अर्धा तसाच परत येतो. डॉक्टरांनी तपासून पोटाचं काही नाही म्हणून सांगितलं. शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी टेन्शन घेणारी आठ-दहा मुलं निवडून दर बुधवारी माइंडफुलनेस सुरू केलंय, म्हणजे डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. मला ऐकूनच बरं वाटलं होतं, सासूबाई इगतपुरीला दोनदा दहा दिवस विपश्यनेला बसून आल्यात त्यामुळे घरात हे काही नवीन नाही.

पण लेक म्हणते, "आई, डोळे मिटले की धडधड जास्तच ऐकू येते, आणि वाटतं आता काहीतरी होणार." परवा घरी करताना मी शेजारीच बसले होते, तर दोन मिनिटांत तिने हूडीची दोरी बोटाला इतकी गच्च गुंडाळली की बोट पांढरं पडलं.

मग रात्री नेटवर शोधत बसले. ब्रिटनमध्ये मायरियड नावाचा मोठा अभ्यास झालाय, ८५ शाळा, ८ हजारांवर मुलं, निकाल २०२२ मध्ये आले. वर्गात सरसकट शिकवून नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि ज्यांना आधीच नैराश्याचा धोका होता त्यांचं तर उलट किंचित बिघडलं म्हणे, शिवाय बहुतेक पोरांनी घरी सराव केलाच नाही (हे मात्र वाचून हसू आलं, पोरं इथून तिथून सारखीच). आता तो अख्ख्या वर्गाचा प्रकार होता, हिचा गट छोटा आहे, त्यामुळे ते हिला किती लागू पडतं कळेना.

सासूबाई म्हणतात सवय होईल, नवरा म्हणतो वयच आहे ते. कोणाच्या मुलांना असं झालंय का? मॅडमना न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद १: ताई, जबरदस्ती नको. माझ्या मुलाचंही सेम झालेलं. आमच्या काउन्सेलरनी डोळे उघडेच ठेवायला सांगितले, श्वासाकडे लक्ष देणं सोडून द्या म्हणाल्या, तळपाय फरशीला टेकवून गारवा जाणवतो का बघायचं, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजायच्या. खरा फरक सीबीटीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) पडला पण, सात-आठ सेशननंतर. मॅडमना ते धडधडीचं वाक्य लेकीच्याच शब्दांत सांगा, त्यात दुखावण्यासारखं काय आहे? आणि जेवण-झोप अजून कमी झाली तर थांबू नका, सायकियाट्रिस्टना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: थँक्यू गं. दोरीचंही सांगते मॅडमना, ते त्यांनी पाहिलेलं नसणार.