दुपारची सुस्ती आणि कोंदटपणा : एअर प्युरिफायर घेऊन प्रश्न सुटेल का?

प्रश्न (इमारत देखभाल विभाग)

नमस्कार. एका व्यावसायिक इमारतीतील कार्यालयाच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. मजल्याला न उघडणाऱ्या काचा असून मध्यवर्ती वातानुकूलन आहे आणि एका मोकळ्या दालनात सुमारे ६० जण बसतात. दुपारी तीननंतर डोके जड होते, जांभया येतात, हवा कोंदट वाटते, अशा तक्रारी सतत येतात. पश्चिमेच्या काचेलगतची मंडळी उकाड्याने हैराण असतात, तर त्याच वेळी डिफ्यूझरखाली (छतातून थंड हवा सोडणाऱ्या जाळीखाली) बसणारे जाकीट घालून काम करतात. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर दालनात ठेवून पाहिला. सकाळी दालन रिकामे असताना तो ४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४५० भाग) आसपास असतो, दुपारी मात्र १५०० वर जाऊन स्थिरावतो. ठिकठिकाणी एअर प्युरिफायर ठेवावेत आणि थर्मोस्टॅट २२ अंशांवर आणावा, असा व्यवस्थापनाचा विचार आहे. त्याने फरक पडेल का?

उत्तर १ (वातानुकूलन अभियंता)

आपण मीटर लावलात हे फार चांगले केलेत, कारण त्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. एअर प्युरिफायर धूळ आणि सूक्ष्म कण अडवतो; कार्बन डायऑक्साइड तो कमी करू शकत नाही, त्यामुळे कितीही प्युरिफायर ठेवले तरी मीटरवरचे १५०० हलणार नाहीत. खुर्चीत बसून काम करणारा माणूस मिनिटाला साधारण ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या आसपास असतो. म्हणजे दालनात पातळी १५०० वर स्थिर होत असेल, तर माणशी सेकंदाला पाच लिटरहून थोडी कमीच बाहेरची हवा आत येत आहे, असा हिशोब निघतो. अ‍ॅश्रे या अमेरिकी वातानुकूलन अभियंता संस्थेच्या ६२.१ या वायुवीजन मानकात कार्यालयासाठी सेकंदाला माणशी २.५ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर, अशी दोन भागांची मागणी असते. नेहमीइतकी माणसे असलेल्या कार्यालयात ती माणशी साडेआठ लिटरच्या आसपास जाते. तेवढी हवा मिळाली तर मीटर हजाराच्या जवळपास थांबेल.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १५०० पीपीएम म्हणजे विषारी हवा नव्हे. माणसांच्या शरीरातून आणि सामानातून निघणारे वास व वायू दालनातच साठून राहत आहेत, याची ती खूण आहे.

म्हणून खरेदीच्या आधी एएचयूच्या (हवा थंड करून दालनात पाठवणाऱ्या यंत्राच्या) खोलीत जा आणि बाहेरची हवा घेणारा डँपर (पात्यांची झडप) प्रत्यक्ष पाहा. नियंत्रण फलकावर ‘३० टक्के उघडा’ असे दिसत असले तरी मोटरचा दांडा पात्यांपासून सुटलेला असू शकतो. पात्यांच्या दांड्याच्या टोकावर बहुधा खाच असते; पाती कोणत्या दिशेला आहेत ते तिच्यावरून कळते. वीज वाचवण्यासाठी कोणीतरी डँपर बंद करून ठेवला आणि पुढे तो तसाच राहिला, हे फार ठिकाणी आढळते. बाहेरची जाळी धुळीने बुजली आहे का, तेही पाहून घ्या.

उत्तर २ (इमारत सेवा सल्लागार)

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. तापमानाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो २२ अंशांनी सुटणार नाही, उलट डिफ्यूझरखालच्या मंडळींचे हाल वाढतील. शरीराला जाणवणारी उष्णता हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि हालचाल, अशा सहा गोष्टींवर ठरते. थर्मोस्टॅट यांतली प्रामुख्याने पहिलीच मोजतो. हवा फारशी हलत नसेल, तर हवेचे आणि पृष्ठभागांचे तापमान यांची सरासरी माणसाला जाणवते. हवा २४ अंश असली आणि तापलेल्या काचेमुळे भोवतालचे सरासरी तापमान ३० पर्यंत गेले, तर काचेलगतच्या माणसाला सुमारे २७ अंशांत बसल्यासारखे वाटते. त्याची तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर काचेवर आहे : शक्य असल्यास बाहेरून सावली, नाहीतर परावर्तक फिल्म किंवा पडदे, आणि बाके काचेपासून थोडी आत.

डिफ्यूझरखाली झोत थेट मानेवर येतो. पात्यांची दिशा बदलून हवा छताला लागून पसरेल असे करा. काचेच्या बाजूला मात्र तोच वेग उपयोगी पडतो; सेकंदाला ०.८ मीटर वेगाचा वारा असेल तर दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. त्यामुळे तिथे पंखे लावून थर्मोस्टॅट वर नेता येतो. सगळेच समाधानी होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. डेन्मार्कचे संशोधक पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अगदी आदर्श स्थितीतही पाच टक्के लोक असमाधानीच राहतात.

प्रश्नकर्ता

डँपर जवळजवळ बंद आढळला. पण इमारत रहदारीच्या रस्त्यालगत आहे. तो उघडला तर बाहेरचा धूर आत येणार नाही का?

उत्तर १ (वातानुकूलन अभियंता)

धूर येईल, म्हणून डँपर आणि फिल्टर यांचा विचार एकत्रच करावा. मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह म्हणजे फिल्टरची कण अडवण्याची क्षमता सांगणारी श्रेणी) फिल्टर १ ते ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे किमान ८५ टक्के कण अडवतो. मात्र तो हवेला जास्त विरोध करतो. पंख्याची ताकद तपासल्याशिवाय बसवला तर एकूण प्रवाहच घटेल. फिल्टर आणि चौकटीमधील फट रबरी पट्टीने बंद करा. फिल्टरच्या मागे काळ्या धुळीच्या रेघा दिसल्या तर हवा तिथूनच निसटते आहे असे समजा. धुरातले वायू या फिल्टरला अडवता येत नाहीत, म्हणून हवा घेण्याची जागा छताकडे हलवता येते का, हेही पाहावे. बाहेरची हवा दमट असेल तर कूलिंग कॉइलवरचा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरचा) भार वाढतो, त्यामुळे डँपर एकदम पूर्ण न उघडता टप्प्याटप्प्याने उघडा आणि दालनातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जात नाही ना, यावर लक्ष ठेवा. प्युरिफायर घ्यायचेच असतील तर ते या सगळ्यानंतर, ज्या कोपऱ्यात कण अजूनही जास्त दिसतील तिथेच ठेवावेत.