बिन() सगळ्याला पुरतं म्हणणाऱ्यांनी एकदा उणे पाच देऊन बघा

टोकाचा_बिट: काल एकाने लिहिलं, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काहीही बायनरी स्ट्रिंग (० आणि १ च्या ओळीचा मजकूर) करायचं तर बिन() हे फंक्शन वापरा, बाकी सगळं पाल्हाळ. वाचून डोकंच फिरलं. बिन(-५) केलं की '-०बी१०१' येतं (०बी ही बायनरीची खूण), म्हणजे पाचाचेच बिट (० किंवा १ चे अंक) आणि पुढे वजा, ठरावीक रुंदीत उणे आकड्याचे बिट असे नसतात. आठ बिटांत उणे पाच म्हणजे १११११०११, त्यासाठी आधी २५५ शी अँड करा (शेवटचे आठच बिट राहतात) आणि मग फॉरमॅटला '०८बी' द्या (पुढे शून्य लावून आठ अंक). ३.५ सारखा दशांश चिन्हाचा आकडा दिला तर थेट टाइपएरर, म्हणजे चुकीचा प्रकार दिल्याची चूक. काय "काहीही"?

सोपंच_सांगतो: ती पोस्ट माझी. पायथॉनच्या इंटला (पूर्णांकाला) ठरावीक रुंदीच, म्हणजे बिटांची संख्याच, नाही, मग पुढे किती एक लावायचे त्याने? जावा ही दुसरी भाषा -५ ला ३२ बिट देते आणि ५ ला नुसतं १०१. ते चालतं का तुम्हाला?

रात्रपाळी: रुंदीवरूनच आमचे हाल झालेत. जुन्या ऑफिसात एकाने सेन्सरच्या रीडिंगचं बिन() करून, ०बी कापून सगळं एकामागोमाग जोडलं, पुढचे शून्य गायब, कुठला आकडा कुठे संपतो पत्ता नाही, आणि रात्रभर लॉग कोणी चाळले तर मी.

काना_मात्रा: आकड्यांवरच भांडा. अक्षरांचं काय? जो तो इंग्रजी 'ए' घेऊन आठ बिट दाखवतो. 'अ' घ्या ना! ऑर्ड() केलं तर त्याचा युनिकोड क्रमांक २३०९, त्याचे बिट १००१०००००१०१. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) एनकोड केलं तर तीन बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे तीन गट, १११००००० १०१००१०० १००००१०१. यातली कुठली स्ट्रिंग "बरोबर"? एक अक्षर एक बाइट धरणाऱ्या कोडने माझं आडनाव जोडाक्षराच्या मधोमध तोडलंय, फॉर्मवर.

सोपंच_सांगतो: विषय नंबरांचा होता, भरकटवू नका.

काना_मात्रा: "काहीही" तुम्हीच लिहिलंत. 'क्षि' दिसायला एक, आत चार कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक), यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. आपली भाषा आली की लगेच विषय भरकटतो होय?

टोकाचा_बिट: पटलं. दशांश चिन्हाच्या आकड्यालाही आधी बाइटच काढावे लागतात, त्यासाठी पायथॉनचं स्ट्रक्ट मॉड्यूल, स्ट्रक्ट.पॅक('>डी') आणि मग प्रत्येक बाइटला '०८बी'. मिळतात ते ६४ बिट: १ बिट चिन्ह, ११ घातांक, ५२ अपूर्णांक. ते '>' विसरलात तर बहुतेक मशीनवर बाइट उलटे येतात.

सोपंच_सांगतो: बरं बाबा, "काहीही" काढून "कुठलाही पूर्णांक" करतो. पण नवशिक्याला पहिल्याच दिवशी स्ट्रक्ट दाखवलंत तर तो पळून जाईल, हे मी मागे घेणार नाही.

रात्रपाळी: रुंदीचंही लिहा तिथेच.